हवाई बेटं खालसा झाली तेव्हा खुद्द अमेरिकेत काय वाद झाला होता?

खारा_वारा

अमेरिकेला ग्रीनलंड हवंय अशा बातम्या यायला लागल्यापासून इथल्या दोन-तीन धाग्यांवर "अमेरिकेच्या डोक्यात हे मध्येच काय शिरलं?" असा सूर दिसतोय. मध्येच काही शिरलेलं नाही. समुद्रापारची बेटं घ्यावीत की नाही, यावर १८९३ ते १९०० या काळात त्या देशात कडाक्याचं भांडण झालं. त्यात 'घेऊ नका' म्हणणाऱ्यांची बाजू एकदा चक्क जिंकलीही होती. तो भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हवाई हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. राजा होता, कायदेमंडळ होतं, परदेशांत वकील (म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी) होते, १८४३ साली ब्रिटन आणि फ्रान्सने रीतसर मान्यता दिली होती. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिथलं साखरेचं उत्पादन साधारण दसपट झालं. मळे बहुतेक गोऱ्यांचे, आणि त्यांच्यात अमेरिकेतून धर्मप्रसाराला आलेल्या मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं बरीच. १८८७ मध्ये या मंडळींनी हत्यारबंद स्वयंसेवक उभे करून राजा कलाकाउआकडून नव्या घटनेवर सही घेतली. लोक तिला संगिनीची घटनाच म्हणू लागले. मालमत्तेच्या अटीमुळे मूळ हवाईयन लोकांपैकी पुष्कळांचं मत गेलं, आशियाई मजुरांना तर मतच नाही. त्याच वर्षी त्या बिनजकातीच्या कराराची मुदत वाढली आणि बदल्यात पर्ल हार्बर एकट्या अमेरिकन आरमाराला वापरायला मिळालं.

मग १८९० मध्ये अमेरिकेने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि आपल्या देशातल्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान जाहीर केलं. हवाईच्या मळेवाल्यांची सवलत एका फटक्यात निरुपयोगी. आता 'देशातले' व्हायचं तर देशच बदलायला हवा!

जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीने जुने अधिकार परत आणणारी घटना काढायचा घाट घातला आणि यांना निमित्त मिळालं. तेरा जणांची एक 'सुरक्षा समिती' बसली. १६ तारखेला 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ अमेरिकन सैनिक होनोलुलूत उतरले आणि १७ ला राणी पदच्युत. इथे बाईंचं राजकारण बघा. तिने सत्ता बंडवाल्यांच्या हाती दिलीच नाही. अमेरिकेच्या वरचढ बळापुढे, निषेध नोंदवून, आपण तात्पुरती माघार घेत आहोत असं लिहून दिलं. म्हणजे जबाबदारी थेट वॉशिंग्टनच्या गळ्यात. अमेरिकेचे तिथले वकील स्टीव्हन्स दोन आठवड्यांनी वरिष्ठांना कळवतात की हवाईचं फळ पुरतं पिकलंय आणि तोडायची हीच सुवर्णवेळ आहे.

पण तेवढ्यात वॉशिंग्टनमध्ये सत्ताबदल झाला. नवे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सिनेटपुढचा विलीनीकरणाचा करार मागे घेतला, चौकशीला माणूस पाठवला आणि डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सांगितलं की झालं ते युद्धाचं कृत्य होतं. राणीला मात्र त्यांनी गादी परत मिळवून दिली नाही. बंडवाले हटायला तयार नाहीत म्हटल्यावर प्रकरण काँग्रेसवर ढकलून मोकळे! ४ जुलै १८९४ ला मळेवाल्यांनी स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. तारीख कशी निवडली बघा.

१८९७ मध्ये अध्यक्षपदी मॅकिन्ली आले, नवा करार आला. आणि इथे तो मुद्दा. हवाईयन लोकांनी बेटाबेटांवर फिरून विलीनीकरणाविरुद्ध अर्जावर सह्या गोळा केल्या. बायकांच्या आणि पुरुषांच्या संघटनांनी मिळून २१,२६९. मूळ आणि मिश्र हवाईयन लोकसंख्या पोराबाळांसकट चाळीस हजारांच्या आत, त्यात ह्या सह्या! चार प्रतिनिधी ते बाड घेऊन वॉशिंग्टनला गेले, सिनेटरांच्या दारोदार फिरले. करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. ती जमेनात. १८९८ च्या सुरुवातीला करार मेल्यात जमा होता.

एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध पेटलं. स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, मनिलाला कुमक पाठवायची तर वाटेत हवाई हवंच, असा घोषा सुरू झाला. मग करार बाजूला ठेवून दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणला. त्याला साधं बहुमत पुरतं. कनिष्ठ सभागृहात २०९ विरुद्ध ९१, सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१, आणि ७ जुलैला सही. हवाईतल्या कुणालाही विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा विरोध दुबळा नव्हता. दार बंद झालं होतं म्हणून खिडकी शोधावी लागली. बोला आता.

साखरपट्टा

लेख आवडला. साखर आणि सत्ता यांचं नातं आम्हा सांगली-कोल्हापूरकरांना वेगळं शिकवायला नको. 😀 पण थोडी भर घालतो, कारण 'मळेवाल्यांना विलीनीकरण हवं होतं' हे इतकं सरळ नाही.

तिथला सगळ्यात मोठा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकेल्स. तो विरोधात होता. कारण मजूर. हवाईत चीन-जपानहून करारावर मजूर आणत. करार मोडून पळाला तर कैद. अमेरिकेत असे करारी मजूर आणायला बंदी होती. म्हणजे बेटं अमेरिकेची झाली की स्वस्त मजूर गेले. झालंही तसंच. १९०० च्या कायद्याने ते करार रद्द झाले आणि त्याच वर्षी मळ्यांवर संपांची रांग लागली. ज्यांनी विलीनीकरण मागितलं त्यांनी जकात आणि मजूर असा हिशेब करून, जकातीचं पारडं जड धरलं.

उलट बाजूला, अमेरिकेत बीटाची साखर करणारे कारखानदार हवाईच्या कट्टर विरोधात. लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे. बेटांवरची उसाची साखर कायमची बिनजकात आली तर यांचा भाव पडणार. १८९७ मध्ये सिनेटमध्ये करार अडला त्यात अर्जाइतकाच यांचाही हात असणार.

आणि १८९० चा तो जकात कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो खासदार कोण? मॅकिन्लीच. स्वतःच्याच कायद्याने हवाईचा बाजार बसवला आणि आठ वर्षांनी अध्यक्ष म्हणून बेटं खिशात.

तिरकस

सगळं ठीक आहे, पण भाबडेपणा पुरे. अमेरिकेने घेतलं नसतं तर जपानने घेतलं असतं. १८९६ च्या मोजणीत बेटांवर २४ हजारांवर जपानी होते, लोकसंख्येच्या जवळजवळ पाव हिस्सा. १८९७ मध्ये हवाई सरकारने जपानी मजुरांच्या बोटी परत पाठवल्या तेव्हा टोकियोने युद्धनौका धाडली. महासत्ता होऊ घातलेला देश आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरची जागा मोकळी सोडेल? पॅसिफिकच्या मध्यावर कोळसा भरायला दुसरं ठिकाण दाखवा. नैतिकतेवर आरमार चालत नाही.

खारा_वारा

@तिरकस, जपानची भीती अगदीच बनावट नव्हती, मान्य. पण तुमचा कोळशाचा मुद्दाच बघू.

पर्ल हार्बरचा एकाधिकार १८८७ पासून अमेरिकेकडे होताच. जपानने करारावरची आपली हरकत डिसेंबर १८९७ मध्ये मागे घेतली. आणि जून १८९८ च्या पहिल्या आठवड्यात मनिलाकडे निघालेली पहिली कुमक होनोलुलूत थांबली, कोळसा घेतला, सैनिकांना मेजवान्या झडल्या. तटस्थता गुंडाळून हवाईच्या सरकारने सगळं पुरवलं. ठराव मंजूर व्हायला तेव्हा महिना बाकी होता. युद्धासाठी जे पाहिजे होतं ते बेटं न घेता मिळत होतंच. मग युद्धासाठी विलीनीकरण हवं, हे कसं?

घाई युद्धाची नव्हती. युद्धाचा ज्वर उतरायच्या आत उरकून घ्यायची होती.

कृष्णाकाठ

चार प्रतिनिधी बाड घेऊन वॉशिंग्टनला गेले हे वाचून रंगो बापूजी आठवले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे राहिले. पदरात काही पडलं नाही, १८४८ मध्ये सातारा खालसाच झालं. त्यामानाने हवाईवाल्यांनी एकदा तरी करार अडवून दाखवला, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

मोगरा_ओआहू

बऱ्याच वर्षांपासून इथेच राहते म्हणून लिहिते.

इथे येणारे पाहुणे पर्ल हार्बर बघतात आणि समुद्रावर जातात. इओलानी राजवाडा होनोलुलूच्या ऐन मध्यात आहे, पण तिकडे आपलं आपण वळणारे थोडे. १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांनी उठाव केला, तो फसला आणि राणीला याच राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कैद करून ठेवलं. त्या कैदेत तिने आणि सोबतच्या बायकांनी तुकडे जोडून एक गोधडी शिवली. ती तिथे ठेवलेली आहे. त्यावर टाक्यांनी नावं, तारखा, पदच्युतीच्या नोंदी भरल्यात. माझी सासू भारतातून आली होती तेव्हा पुतळे आणि सिंहासनं भराभर बघून झाली आणि ह्या गोधडीपाशी मात्र बराच वेळ टाक्यांवर टिप्पणी करत उभी राहिली.

पण लोक इथे भावनेपेक्षा जमिनीबद्दल जास्त बोलतात. विलीनीकरणात राजघराण्याच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या, मोबदला शून्य. १९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकन काँग्रेसने माफीचा ठराव केला, क्लिंटननी सही केली. मूळ हवाईयन लोकांनी आपलं सार्वभौमत्व कधीही थेटपणे सोडलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वाटलं, आता काहीतरी होईल. २००९ मध्ये जमिनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एकमताने निकाल आला की माफीच्या ठरावाने राज्याच्या मालकी हक्कात काहीही फरक पडत नाही. माफी आहे, जमीन नाही.

@तिरकस, जपानने घेतलं असतं तर, हे वाक्य मी इथेही ऐकते. बोलणारा सहसा मूळ हवाईयन नसतो.

तिरकस

मोगराताई, प्रतिसाद चांगला, पण मग आपल्या घरातलं बोलूया की. १९६१ मध्ये आपण गोव्यात सैन्य घातलं तेव्हा गोवेकरांना विचारलं होतं? सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले होते, रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून वाचलो. आणि हवाई राज्य होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती! दोघेही सारखेच.

म्हापशेकर

अवांतर असलं तरी उत्तर देतो, कारण ही काडी दर सहा महिन्यांनी कुणीतरी टाकतंच.

गोव्यात पोर्तुगीज राज्य हे परकं राज्य होतं. हवाईत जे पाडलं ते तिथल्या लोकांचं राज्य होतं. एवढा फरक पुरेसा आहे. तिरकसरावांनी तो बघितला नाही की बघायचा नव्हता, देव जाणे.

विचारण्याचं म्हणाल, तर मुक्तीनंतर दोन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक झाली. मग महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. चिन्हं होती फूल आणि दोन पानं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आमच्या घरात दोन्हीकडे मतं पडली होती आणि आज्जीने तिचं कुठे टाकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुंबईत सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, तरी निकाल उलटा लागला आणि तो मानला गेला. मला इतिहासात हे फार मोठं वाटतं. मोठ्या शेजाऱ्याने छोट्याचं 'नको' ऐकलं.

आता माझ्याच बाजूविरुद्धचा मुद्दाही सांगून टाकतो, कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी. १९६७ च्या कागदावर दोनच पर्याय होते. भारताबाहेर राहायचं, हा तिसरा नव्हता. हवाईत १९५९ ला मतदान झालं तिथेही प्रश्न होता, राज्य म्हणून प्रवेश हवा का? हो किंवा नाही. 'नाही' म्हटलं तरी अमेरिकेचा प्रदेश म्हणूनच राहायचं. त्यामुळे तिथले ९४ टक्के 'हो' दाखवून १८९८ चा हिशेब मिटला, असं म्हणता येत नाही.

मोगरा_ओआहू

+१. आणि त्या १९५९ च्या मतदानात २४० केंद्रांपैकी एकाच केंद्रावर 'नाही' जिंकलं. निईहाऊ बेट. तिथे जवळपास सगळे मूळ हवाईयन. बाकी बेटांवर तोपर्यंत ते अल्पसंख्य झाले होते.

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. फिलिपिन्सचं काय? लेखात मनिलाचा उल्लेख आहे पण पुढे काही नाही. अमेरिकेतला खरा वाद त्यावरच झाला ना?

जुनी_पानं

बरोबर. हवाई ही नांदी, नाटक फिलिपिन्सवर झालं.

१ मे १८९८ ला अमेरिकन आरमाराच्या ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं. १२ जूनला फिलिपिनो बंडखोरांचा नेता आगिनाल्दोने फिलिपिन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने ती बेटं २ कोटी डॉलरला अमेरिकेला दिली. फिलिपिनो प्रतिनिधीला त्या खोलीत प्रवेशही नव्हता. या तहाला मात्र दोन-तृतीयांश लागणारच होते, खिडकी उपलब्ध नव्हती.

विरोधात कोण होतं बघा. माजी अध्यक्ष क्लीव्हलँड, पोलादसम्राट कार्नेगी, मजूरनेते गॉम्पर्स, मार्क ट्वेन. बोस्टनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघ उभा राहिला. पण या यादीच्या प्रेमात पडू नका. दक्षिणेतला सिनेटर टिलमनही विरोधात होता. आपल्या राज्यातल्या कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यात पुढे असलेला माणूस. त्याचं म्हणणं, आणखी लाखो गौरेतर लोक आपल्यात कशाला? गॉम्पर्सच्या बोलण्यातही स्वस्त आशियाई मजुरांची भीती होतीच. म्हणजे 'त्यांना स्वातंत्र्य द्या' आणि 'ते आपल्यात नकोत' ही दोन वाक्यं एकाच व्यासपीठावरून बोलली जात होती.

मला सगळ्यात चटका लावतो तो मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर होअर. डिसेंबर १८९७ मध्ये हवाईयनांचा तो अर्ज सिनेटमध्ये मांडणारा हाच. जुलै १८९८ मध्ये विलीनीकरणाच्या ठरावाला मत देणाराही हाच! आणि पुढे सहा-सात महिन्यांत फिलिपिन्सच्या वेळी, शासितांच्या संमतीशिवाय राज्य करता येत नाही म्हणून स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहिला तोही हाच. हवाई छोटं, एवढं चालून जाईल, असं त्याला वाटलं असावं.

४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाबाहेर गोळीबार सुरू झाला आणि दोनच दिवसांनी तह मंजूर झाला, ५७ विरुद्ध २७. दोन-तृतीयांशपेक्षा एक मत जास्त. विरोधी पक्षाचे नेते ब्रायन यांनीच आपल्या लोकांना सांगितलं होतं की आधी तह मंजूर करून युद्ध संपवा, मग स्वातंत्र्य देऊ. १९०० ची निवडणूक ते हरले आणि ते 'मग' बराच काळ आलं नाही. युद्ध १९०२ पर्यंत चाललं. सुमारे ४,२०० अमेरिकन आणि २० हजारांवर फिलिपिनो लढवय्ये मेले. उपासमार, पटकी आणि हिंसा मिळून दगावलेले नागरिक २ लाखांपर्यंत धरतात.

नंतर प्रश्न आला की या बेटांना अमेरिकेची घटना लागू होते का. निकाल लागला तो संत्र्यांवरून. याच युद्धात स्पेनकडून घेतलेल्या पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घ्यायची की नाही, असा खटला. १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात कायम ठेवली. एका न्यायमूर्तींनी लिहिलं की ही बेटं अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण देशांतर्गत अर्थाने परकी आहेत. मालकी आमची, घटना तुम्हाला पूर्ण नाही. आजही पोर्तो रिकोच्या रहिवाशांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.

साखरपट्टा

आणि १९३४ मध्ये फिलिपिन्सला दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचा कायदा झाला त्यामागेही पुन्हा साखर. मंदीत अमेरिकन उत्पादकांना फिलिपिन्सची बिनजकात साखर नको झाली. त्याच कायद्याने फिलिपिनोंना अमेरिकेत येण्याचा कोटा वर्षाला ५० माणसं केला. टिलमनचा आत्मा सुखावला असेल.

अर्धा_कप

अवांतर: याच युद्धात ग्वाम कसं घेतलं ते कुणी लिहिलं नाही. जून १८९८ मध्ये अमेरिकन जहाजाने बंदरात शिरून तोफा डागल्या. स्पॅनिश अधिकारी होडीतून आले आणि म्हणाले, सलामीबद्दल आभार, पण उलट सलामी द्यायला आमच्याकडे दारू नाही, माफ करा. युद्ध सुरू झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं!

आकडेमोड

खारा_वारा, एक शंका. ठरावाला सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१ मतं पडली म्हणता. ६३ पैकी ४२ म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश. मग करार म्हणून आणला असता तरी मंजूर झाला असता. खिडकीची गरज काय होती?

खारा_वारा

चांगला प्रश्न. एक तर ४२-२१ हा जुलैचा आकडा आहे. युद्ध, विजय, मनिलाकडे निघालेलं सैन्य, या सगळ्यानंतरचा. मार्चमध्ये तेवढी मतं नव्हती म्हणूनच मार्ग बदलला. दुसरं म्हणजे २६ सिनेटरांनी मतच दिलं नाही. त्यातले बरेच जोड्या लावून गैरहजर, म्हणजे एक बाजूचा आणि एक विरोधातला, दोघांनी मिळून बाहेर राहायचं. साध्या बहुमतात अशी जोडी चालते. दोन-तृतीयांश लागत असतील तर विरोधातल्या एकासमोर बाजूचे दोन बसवावे लागतात. आणि एका मताने पडेल अशा काठावर जुगार खेळायला मॅकिन्ली तयार नव्हते.

कायद्याच्या अंगानेही हे पक्कं नव्हतं. जॉर्जियाचे सिनेटर बेकन तेव्हाच विचारत होते की एका देशाच्या संसदेचा ठराव दुसऱ्या देशाच्या हद्दीत लागू कसा होईल? टेक्सासचा १८४५ चा दाखला दिला गेला, पण टेक्सास थेट राज्य म्हणून आलं होतं. १९८८ मध्ये खुद्द अमेरिकेच्या न्यायखात्याच्या एका टिपणात म्हटलंय की हवाई घेताना काँग्रेसने घटनेतला नेमका कोणता अधिकार वापरला ते स्पष्ट होत नाही.

आकडेमोड

जोड्यांचा मुद्दा पटला. १९८८ च्या टिपणाबद्दल वेगळं लिहा.

वाचनमात्र

आणि सामोआ? तिथल्यांना अजून नागरिकत्व नाही असं वाचलंय. हा तर सरळ अन्यायच.

मोगरा_ओआहू

इतकं सरळ नाही हो. अमेरिकन सामोआत जन्मलेले 'राष्ट्रीय' असतात, नागरिक नाही, हे खरं. काहींनी खटला केला. पण त्या खटल्यात जन्मसिद्ध नागरिकत्वाला विरोध करायला खुद्द अमेरिकन सामोआचं सरकार उभं राहिलं. तिथली जमीन मोठ्या कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहे आणि बाहेरच्यांना विकण्यावर बंधनं आहेत. घटना पूर्ण लागू झाली तर समानतेच्या नावाखाली ही बंधनं न्यायालयात टिकणार नाहीत, अशी त्यांना भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. हवाईत जमिनीचं काय झालं हे ते शेजारून बघतच आलेत.

खारा_वारा

सामोआवर तुम्हीच धागा काढा, मोगराताई. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.